कडप्पा, लोहमार्ग आणि बेलूमची गुहा : चुनखडकी गुहेच्या दर्शनाचा ऐतिहासिक विचार

सारांश

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा परिसर बेसाल्ट खडकाचा आहे. येथे मानवनिर्मित लेणी आहेत, परंतु चुनखडकात निसर्गतः घडलेल्या गुहा नाहीत. अशा गुहा पाहण्यासाठी येथील अभ्यासकास वा विद्यार्थ्यास परप्रांतात जावे लागते. प्रस्तुत निबंधात आंध्र प्रदेशातील बेलूम गुहेचे प्रमुख उदाहरण घेऊन तीन प्रश्नांचा विचार केला आहे. नैसर्गिक गुहा 'प्रेक्षणीय' कशी होते, लेण्यांच्या परंपरेत वाढलेला मराठी प्रेक्षक तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो आणि इतिहासाचे साधन म्हणून तिचे मोल काय, असे ते प्रश्न आहेत. गुहेतील निक्षेप हे पर्जन्याचे दप्तर असून गुहादर्शनाची शिस्त ही इतिहाससाधनांच्या जतनाचीच बाब आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : चुनखडक, लेणे, गुहादर्शन, बेलूम, पर्जन्येतिहास, दुर्गादेवीचा दुष्काळ.

१. प्रस्तावना

अंबरनाथ-बदलापूर परिसरातील कोणत्याही मध्यमवर्गीय घरात प्रवेश केला तर स्वयंपाकघरातील ओटा बहुधा काळ्या कडप्प्याचा असतो. फडताळातील फळ्या कडप्प्याच्या असतात आणि जुन्या चाळींच्या व्हरांड्यांत, अंगणांत शहाबादी फरशी दिसते. ग्रॅनाइट आणि चिनी मातीच्या फरश्या आल्यानंतरही हे दगड पूर्णतः हद्दपार झालेले नाहीत. हे दोन्ही दगड चुनखडकाचेच प्रकार आहेत आणि दोघांचीही नावे गावांवरून आलेली आहेत. शहाबाद हे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात आहे, तर कडप्पा हे आंध्र प्रदेशातील जिल्ह्याचे ठिकाण आहे. विशेष म्हणजे ही दोन्ही स्थानके मुंबई-चेन्नई या एकाच लोहमार्गावर असून, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानकेही त्याच मार्गावर आहेत.

म्हणजे चुनखडक आपल्या परिचयाचा आहे, पण तो पायाखालची फरशी आणि हाताखालचा ओटा या रूपात. त्याच खडकाच्या पोटात पाणी लाखो वर्षे काय घडवीत असते, हे मात्र आपण पाहिलेले नसते. शालेय भूगोलात 'अधोमुखी' व 'ऊर्ध्वमुखी' लवणस्तंभांची आकृती काढून गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष लवणस्तंभ पाहिला आहे, हा प्रश्न आपल्या परिसरातील कोणत्याही महाविद्यालयात विचारण्याजोगा आहे. नाव 'लवणस्तंभ' असले तरी तो मिठाचा नसून कॅल्साइट या खनिजाचा असतो, एवढी साधी गोष्टही आकृतीवरून कळत नाही. या अनुभवातील पोकळीमागे भूस्तररचना आहे, तसा इतिहासही आहे. त्या दोहोंचा एकत्रित विचार हा या निबंधाचा हेतू आहे.

२. बेसाल्टची भूमी आणि 'लेणे' ही कल्पना

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून दख्खनचे बेसाल्ट थर साचले. या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत कॅल्साइट व झिओलाइटचे स्फटिक आढळतात, नदीनाल्यांच्या काठी चुनकंकरही मिळतो. मात्र पाण्यात विरघळून मैलभर लांबीची दालने तयार व्हावीत असा हा खडक नव्हे. महाराष्ट्रात चुनखडक नाही असे मात्र नाही. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत त्याचे मोठे साठे आहेत; परंतु त्यांची ओळख आज प्रामुख्याने सिमेंट उद्योगाचा कच्चा माल अशीच आहे.

निसर्गाने न दिलेली गुहा या प्रदेशातील माणसाने स्वतः कोरली. उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी असलेली कोंडाणे येथील बौद्ध लेणी ही त्याची प्राचीन साक्ष आहे. तेथील एका शिल्पावर ब्राह्मी लिपीत, हे काम कान्हाचा शिष्य बलक याने केले, अशा आशयाचा लेख आहे. भिवंडीनजीकचे लोनाडचे लेणेही याच परंपरेतील आहे. अंबरनाथचे शिवमंदिर हे लेणे नव्हे, ते बांधीव आहे. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आणि शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळाचा शिलालेख तेथे आहे. तरीही सभामंडपातून पायऱ्या उतरून खोल, अंधाऱ्या गाभाऱ्यात जाताना भाविकाला येणारा अनुभव गुहाप्रवेशाचाच असतो.

मराठी भाषेने या भेदांची नोंद फार बारकाईने ठेवली आहे. 'लेणे' हा शब्द संस्कृत 'लयन' या शब्दावरून आला आणि मराठीत तो अलंकार या अर्थीही रूढ झाला. जे कोरले, घडविले, ल्यायले, ते लेणे. याउलट 'गुहा', 'कपार', 'घळ', 'विवर' हे शब्द निसर्गाच्या कामाचे आहेत. ज्या ठिकाणी परंपरेनुसार समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला, ती शिवथरची 'घळ' आहे, लेणे नव्हे. भुयार हे मात्र बहुधा माणसाचे आणि बीळ हे प्राण्याचे.

या शब्दसंपत्तीतून एक सवय स्पष्ट होते. आपल्या प्रदेशातील प्रेक्षणीय गुहा म्हणजे बहुतांशी लेणे, आणि लेण्याला कर्ता असतो. तो राजा असेल, व्यापारी असेल, बलकासारखा शिष्य असेल. त्याचे नाव कळो वा न कळो, त्याचा हेतू आपण शोधू शकतो. मूर्ती कोणाची, दाता कोण, काळ कोणता, असे प्रश्न घेऊन आपण लेण्यात शिरतो. चुनखडकाच्या गुहेत शिरतानाही नेमके हेच प्रश्न आपल्या सोबत येतात. तेथे कर्ता नसल्यामुळे ती रिकामी जागा भरून काढण्याची घाई होते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

येथे उल्हासनगरच्या लोकजीवनातील एक गोष्ट नोंदविली पाहिजे. फाळणीनंतर कल्याण छावणीच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. या वसाहतीची पहिली पिढी ज्या सिंध प्रांतातून आली, तेथील किरथर पर्वत आणि सक्कर-रोहडीच्या टेकड्या चुनखडकाच्या आहेत. जिऑलॉजिकल सर्व्हेचे विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६७ मध्ये पश्चिम व मध्य हिंदुस्थानातील ट्रॅप खडकांवर आणि १८७९ मध्ये पश्चिम सिंधच्या भूस्तरांवर प्रबंध प्रसिद्ध केले. उल्हासनगरच्या या दोन भूमी एकाच भूशास्त्रज्ञाच्या लेखनात सिंधी कुटुंबे येथे येण्यापूर्वी सात-आठ दशके शेजारी आल्या होत्या.

३. लोहमार्ग आणि कुर्नूलच्या गुहा

१८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली, १८५६ मध्ये या परिसरातून पुढे खोपोलीपर्यंत गेली, १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला आणि १८७१ मध्ये रायचूर येथे तिची मद्रास रेल्वेशी गाठ पडली. मुंबई आणि मद्रास या दोन इलाख्यांना जोडणारा हा मार्ग गुंटकल, गुत्ती, ताडपत्री, कडप्पा असा जातो. बेलूमची गुहा ताडपत्रीपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. बदलापूरच्या फलाटावरून दक्षिणेकडे जाणारा रूळ बेसाल्ट ओलांडून प्रथम शहाबादच्या आणि नंतर कुर्नूल-कडप्प्याच्या चुनखडकात शिरतो.

मार्ग जोडला गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७२ मध्ये, विल्यम किंग यांचा कडप्पा व कुर्नूल भूस्तरांवरील प्रबंध जिऑलॉजिकल सर्व्हेने प्रसिद्ध केला. बेलूमची गुहा ज्या खडकात आहे तो नार्जी चुनखडक कुर्नूल गटातील असून दख्खनच्या बेसाल्टपेक्षा कितीतरी प्राचीन आहे. त्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, खडकाच्या सांध्यांतून झिरपते आणि चुना विरघळविते. भूजलाने दीर्घकाळ भरून राहिलेल्या फटी रुंदावतात. पुढे पाण्याची पातळी खाली गेली की मागे उरतात ते लांब, आडवे, गुळगुळीत भिंतींचे बोगदे. बेलूममध्ये म्हणूनच लवणस्तंभांच्या दाटीपेक्षा पाण्याने घासूनपुसून काढलेल्या मार्गांचे दर्शन अधिक घडते. 'बेलूम' हे नावही 'बिलम्' या शब्दापासून आले असल्याचे सांगितले जाते. मराठीतील 'बीळ' हा त्याच मूळ शब्दाचा भाऊबंद आहे.

या प्रदेशातील गुहांकडे विद्वानांचे लक्ष प्रथम गेले ते सौंदर्यासाठी नव्हे, तर हाडांसाठी. बेतमचेर्लाजवळील बिल्लसुर्गम गुहांतील जीवाश्मयुक्त निक्षेपांची नोंद कॅप्टन न्यूबोल्ड यांनी १८४४ मध्ये केली होती. युरोपातील गुहांतून आदिमानवाचे अवशेष मिळू लागल्यानंतर, हिंदुस्थानातील गुहांतही शोध घ्यावा अशी सूचना टी. एच. हक्सले यांनी मद्रासच्या गव्हर्नरांकडे केली. त्यानुसार रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचे चिरंजीव हेन्री फूट यांनी १८८४-८५ मध्ये बिल्लसुर्गम येथे उत्खनन केले. फूट हे तेच संशोधक, ज्यांना १८६३ मध्ये मद्रासनजीक पल्लावरम येथे पुराश्मयुगीन हत्यार सापडले होते. बिल्लसुर्गमच्या हाडांत मानवनिर्मित वस्तू असल्याचे त्यांचे मत होते. त्या निष्कर्षांची पुढे पुन्हा चिकित्सा झाली. १८८४ मध्येच फूट यांनी बेलूमच्या गुहेची नोंद घेतली.

ज्या गव्हर्नरांच्या कारकिर्दीत हे काम झाले, त्यांचे नाव मराठी इतिहासाच्या अभ्यासकांनी थांबून वाचावे असे आहे. ते सर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारे, साताऱ्याचे रेसिडेंट राहिलेले जेम्स ग्रँट डफ यांचे ते पुत्र. पित्याने मराठ्यांच्या बखरी व कागद चाळले, पुत्राच्या आज्ञेने गुहेची माती चाळली गेली. या योगायोगाचा खरा अर्थ पाचव्या भागात स्पष्ट होईल.

४. अडगळीपासून प्रेक्षणीय स्थळापर्यंत

फूट यांच्या नोंदीनंतर जवळजवळ शंभर वर्षे बेलूमकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. गावकऱ्यांना गुहा ठाऊक होती, पण तिच्या तोंडाशी आसपासच्या वस्त्यांचा केरकचरा टाकला जाई. १९८२-८३ मध्ये डॅनिएल गेबाउअर यांच्या नेतृत्वाखालील जर्मन गुहाशोधकांच्या पथकाने तिची पद्धतशीर पाहणी व आलेखन केले. निवृत्त पोलीस अधिकारी एम. एल. नारायण रेड्डी यांच्यासह स्थानिकांनी तिच्या जतनासाठी पाठपुरावा केला. १९८८ मध्ये राज्य शासनाने तिला संरक्षण दिले, १९९९ मध्ये आंध्र प्रदेश पर्यटन विकास महामंडळाने ती विकासासाठी घेतली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये ती जनतेसाठी खुली झाली. गुहेची ज्ञात लांबी ३,२२९ मीटर असून त्यांपैकी सुमारे दीड किलोमीटरचा मार्ग प्रेक्षकांसाठी आहे. पूर्वी कुर्नूल जिल्ह्यात असलेले हे स्थान २०२२ च्या जिल्हा पुनर्रचनेनंतर नंद्याल जिल्ह्यात गेले.

हा क्रम लक्षपूर्वक पाहिला तर गुहेचे अस्तित्व आणि तिचे प्रेक्षणीयत्व या दोन वेगळ्या घटना आहेत, हे ध्यानी येते. पहिलीला लाखो वर्षे लागली. दुसरी घडली आहे अवघ्या काही दशकांत, नकाशा, पाठपुरावा, शासननिर्णय, जिना, दिवे आणि तिकीट यांच्या साहाय्याने. पहिली भूशास्त्राचा विषय आहे, दुसरी निखळ इतिहासाचा.

युरोपातही हेच घडले. स्लोव्हेनियातील पोस्तोयना गुहेचे आतील भाग १८१८ मध्ये सम्राट फ्रान्सिस पहिला याच्या भेटीच्या तयारीत सापडले आणि १८१९ मध्ये ती प्रेक्षकांस खुली झाली. १८७२ मध्ये तेथे प्रेक्षकांसाठी रूळ टाकले गेले आणि १८८४ मध्ये विजेचे दिवे आले. ज्या वर्षी फूट बेलूमची नोंद करीत होते, त्याच वर्षी पोस्तोयनात प्रेक्षक विजेच्या प्रकाशात फिरू लागले होते. बेलूमला हा पल्ला गाठण्यास आणखी शतकाहून अधिक काळ लागला.

बेलूममध्ये आज प्रेक्षक जमिनीतील विहिरीसारख्या विवरातून पायऱ्यांनी उतरतो. आत उष्मा आणि दमटपणा जाणवतो. मार्ग आखलेला आहे, रंगीत दिव्यांची योजना आहे आणि ठिकठिकाणी नावांच्या पाट्या आहेत. सिंहद्वार, कोटिलिंगालु, सप्तस्वरांची गुहा, ध्यानमंदिर, हजार फण्यांचे दालन आणि सर्वांत खोल असलेली पाताळगंगा अशी ही नावे आहेत. गुहेबाहेर बुद्धाची भव्य मूर्ती असून, बौद्ध व जैन साधूंचे येथे वास्तव्य होते असे पर्यटनविषयक साहित्यात आवर्जून सांगितले जाते.

येथे दुसऱ्या भागातील मुद्दा पुन्हा समोर येतो. आपल्या लेण्यांना कर्ते, दाते, लेख आणि मूर्ती होत्या. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी व प्रशासनाने त्यांना क्रमांक दिले. अजिंठ्याचे दहावे लेणे, वेरूळचे सोळावे लेणे, अशी भाषा आता सर्वमान्य झाली आहे. निसर्गाच्या गुहेला कर्ता नव्हता, लेख नव्हता. तिला मात्र देवादिकांची नावे मिळाली. ज्याला नाव होते त्याला क्रमांक आणि ज्याला नाव नव्हते त्याला देवाचे नाव, असा हा उलटा व्यवहार आहे. तो केवळ अज्ञानातून आलेला नाही. अनोळखी आकाराला ओळखीचे नाव देऊन तो आपलासा करणे ही मानवी प्रवृत्ती आहे आणि स्थानिक श्रद्धेचा आदर अभ्यासकाने केलाच पाहिजे. मात्र पाटीवरील नाव केव्हा पडले, ते गावाने दिले की महामंडळाने, हा प्रश्न विचारण्याचे कर्तव्य इतिहासाच्या अध्यापकास टाळता येणार नाही.

प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवरील सनावळीबाबतही हीच दक्षता हवी. विशाखापट्टणमच्या बाजूस अनंतगिरीच्या डोंगरांतील बोर्रा गुहांचे उदाहरण बोलके आहे. त्यांचा शोध जिऑलॉजिकल सर्व्हेचे विल्यम किंग यांनी १८०७ मध्ये लावला, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. परंतु जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापनाच १८५१ ची आहे. तेव्हा संस्था आणि सन यांपैकी काहीतरी चुकीचे आहे हे उघड आहे. एकाने छापले म्हणून दुसऱ्याने छापले, असा हा प्रवास असतो. पदवीच्या विद्यार्थ्यांस साधनचिकित्सा शिकविण्यास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

५. गुहा : पर्जन्याचे दप्तर

आता या निबंधाच्या मुख्य प्रतिपादनाकडे येऊ. चुनखडकी गुहेच्या छतातून झिरपणारा प्रत्येक थेंब आपल्या मागे चुन्याचा सूक्ष्म थर ठेवून जातो. थरावर थर चढून लवणस्तंभ वाढतो. त्या थरांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण त्या त्या काळच्या पावसाशी संबंधित असते आणि युरेनियम-थोरियम पद्धतीने थरांचा काळ ठरविता येतो. अर्थात हे वाचन सरळ पर्जन्यमापकासारखे नसते. त्याला अर्थनिर्णयाची गरज असते, जशी ती मोडी कागदालाही असते.

मेघालयातील मॉम्लुह गुहेच्या लवणस्तंभावरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या कोरड्या कालखंडाची खूण निश्चित करण्यात आली आणि २०१८ मध्ये भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने होलोसीनच्या अखेरच्या विभागास 'मेघालयन' असे नाव दिले. पृथ्वीच्या कालगणनेत भारतातील एका गुहेने आपले नाव कोरले, ते असे.

मराठी इतिहासाच्या दृष्टीने याहून जिव्हाळ्याची साक्ष बस्तरमधील आहे. एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या वर्चस्वाखाली असलेल्या या प्रदेशात, आजच्या छत्तीसगढमधील कांगेर खोऱ्यात, चुनखडकाच्या अनेक गुहा आहेत. कोटुमसरची गुहा पर्यटकांना परिचित आहे. तिच्याच परिसरातील दंडक गुहेच्या लवणस्तंभावरून अशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये इ. स. ६०० ते १५०० या ९०० वर्षांच्या मोसमी पावसाचा आलेख मांडला. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोसमी पाऊस वारंवार आणि दीर्घकाळ क्षीण झाल्याचे त्यातून दिसते.

नेमका हाच काळ महाराष्ट्राच्या स्मृतीत 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हणून कोरला गेला आहे. इ. स. १३९६ पासून बारा वर्षे हा दुष्काळ चालला, गावे ओस पडली, किल्ल्यांवरील व मुलखावरील बहमनी सत्तेची पकड ढिली झाली, असे परंपरा सांगते. इंग्रजी इतिहासलेखनात ही परंपरा नोंदविणाऱ्या आरंभीच्या लेखकांपैकी एक म्हणजे जेम्स ग्रँट डफ. बारा वर्षांचा दुष्काळ ही लोककथेची अतिशयोक्ती असावी, असे कोणास वाटल्यास नवल नव्हते. 'बारा' हा आकडा आपल्या लोकभाषेचा लाडका आहे, हेही खरे. परंतु मोसमी पावसाची दीर्घ क्षीणता त्याच कालखंडात दिसावी, ही बाब परंपरेच्या गाभ्यास बळ देणारी आहे. पित्याने कागदावर नोंदविलेल्या स्मृतीला दुजोरा देणारी साक्ष कोणत्या प्रकारच्या जागी मिळू शकते, याची कल्पना ज्या गव्हर्नर पुत्राने गुहा खणविल्या त्यालाही नव्हती. त्याचे लोक गुहेत हाडे शोधीत होते. पावसाचे दप्तर थेंबाथेंबाने लिहिले जात होते, ते वाचण्याची विद्या अजून जन्मली नव्हती.

हा सारा व्यवहार आपल्या परिसरापासून दूरचा वाटू नये. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास खोऱ्यातील बदलापूर, कल्याण या भागांत पुराने केलेला विध्वंस अनेकांच्या स्मरणात आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. मोसमी पाऊस केव्हा, किती आणि का बदलतो, हा प्रश्न या खोऱ्यात जगण्या-मरण्याचा आहे. बेसाल्टच्या या भूमीला जे दप्तर स्वतः ठेवता आले नाही, ते चुनखडकाच्या गुहांनी ठेवले आहे.

६. दर्शनाची किंमत

हे मान्य केले की गुहेतील मोडलेला लवणस्तंभ ही केवळ सौंदर्यहानी राहत नाही. आठवण म्हणून खिशात घातलेला तुकडा हे दप्तरातून फाडलेले पान असते आणि ते पुन्हा लिहिले जात नाही. बोटभर लांबीचा स्तंभ घडण्यास शेकडो वर्षे लागू शकतात. हाताचा स्पर्शही निरुपद्रवी नसतो. त्वचेवरील तेलकटपणा पृष्ठभागावर बसला की नवा थर धरण्यास अडथळा येतो. सततच्या दिव्यांमुळे अंधाऱ्या भिंतींवर शेवाळ उगवते. गर्दीच्या श्वासोच्छ्वासाने आतील उष्णता, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो.

फ्रान्समधील लास्को गुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये प्रेक्षकांस खुली झाली आणि चित्रांची हानी दिसू लागल्याने १९६३ मध्ये बंद करावी लागली. पंधरा वर्षांच्या दर्शनाने हजारो वर्षांच्या चित्रांना धोका निर्माण केला. आपल्याकडील उदाहरण त्याहून जुने आहे. ज्या १८१९ साली पोस्तोयना खुली झाली, त्याच वर्षी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यास अजिंठ्याची लेणी दिसली. त्याने दहाव्या लेण्यातील चित्रित खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली. आधुनिक प्रेक्षकाच्या हातून झालेली ही आरंभीची हानी आज स्वतःच 'ऐतिहासिक' होऊन बसली आहे. परंतु तिचे अनुकरण आजही प्रत्येक किल्ल्याच्या बुरुजावर पाहावयास मिळते.

दुसरी किंमत उद्योगाची आहे. ज्या खडकात गुहा घडते तोच सिमेंटचा कच्चा माल आहे आणि आपल्या ओट्याचा कडप्पाही. बेलूमच्या आसपास सिमेंट उद्योग आणि फरशीच्या खाणी आहेत. घरे बांधू नयेत, ओटे घालू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. मात्र खाण कोठे थांबावी हे ठरविण्यापूर्वी खडकाच्या पोटात काय आहे याचा नकाशा हाती असला पाहिजे. बेलूमचे संरक्षण नकाशा तयार झाल्यानंतर झाले, आधी नव्हे, ही बाब सूचक आहे. तसेच, गुहेकडे जाणारा प्रवासी प्रत्येक वेळी पर्यटक नसतो. गावकऱ्यास तिकीटघरामुळे रोजगार मिळतो आणि त्याच्या हितसंबंधांखेरीज कोणतेही जतन टिकत नाही.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन सहल ही बहुधा छायाचित्रे आणि अहवालाची चार पाने यांवर संपते. चुनखडकी गुहेची सहल भूगोल, इतिहास, रसायनशास्त्र आणि भाषा या विभागांनी एकत्र आखल्यास तिचे स्वरूप पालटेल. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरावा.

प्रथम, विद्यार्थ्यांनी आपल्याच खोऱ्यातील कोंडाण्याचे लेणे आणि अंबरनाथचे मंदिर पाहावे आणि कोरलेला खडक कसा असतो याची नोंद करावी. दुसरे, घरातील कडप्पा व शहाबादी फरशीच्या निरुपयोगी तुकड्यांवर विरल आम्लाचा थेंब टाकून ती फसफसते का, हे प्रयोगशाळेत तपासावे; बेसाल्टचा तुकडा शेजारी ठेवावा. तिसरे, लोहमार्गाने कल्याणहून ताडपत्रीकडे जाताना खिडकीतून बदलत जाणारे खडक व माती टिपाव्यात. चौथे, गुहेत प्रत्येक पाटीपुढे तीन प्रश्न विचारावेत : हे निसर्गाने काय केले, त्याला नाव कोणी दिले आणि ते दाखविण्यासाठी काय बदलले गेले. पाचवे, परतल्यावर पर्यटन पुस्तिकेतील प्रत्येक सन स्वतंत्र साधनाशी ताडून पाहावा. गुहेत कशासही हात लावू नये, ही सूचना शिस्तीचा नियम म्हणून न सांगता अभिलेखागारातील कागद हाताळण्याच्या नियमाशी जोडून सांगावी. त्या संगतीने सांगितलेली सूचना विद्यार्थी पाळतात, कारण तिचा अर्थ त्यांस कळलेला असतो.

८. समारोप

बेलूमच्या उदाहरणावरून असे दिसते की नैसर्गिक गुहेचे दर्शन ही अलीकडची, तारीखवार सांगता येणारी ऐतिहासिक घडण आहे. भूशास्त्रज्ञांची नोंद, लोहमार्ग, परदेशी आलेखन, स्थानिक आग्रह आणि शासकीय महामंडळ यांनी ती सिद्ध केली. लेण्यांच्या परंपरेत वाढलेला मराठी प्रेक्षक या गुहेत कर्ता शोधतो आणि तो न मिळाल्याने देवाचे नाव स्वीकारून बाहेर पडतो. परंतु या गुहांना कर्ता नसला तरी त्यांच्यात लेख आहे. तो पावसाने लिहिलेला आहे आणि दुर्गादेवीच्या दुष्काळासारख्या आपल्या इतिहासातील प्रकरणांवर त्याने प्रकाश टाकला आहे.

दंडक गुहेने जे सांगितले ते एका लवणस्तंभाने सांगितले. इतर गुहांतील स्तंभ अद्याप वाचावयाचे आहेत आणि ते वाचले जाईपर्यंत अभंग राहणे आवश्यक आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल सोडताना आपण हात स्वच्छ करतो, कागद उलगडताना श्वास रोखतो. तीच सावधगिरी चुनखडकाच्या गुहेत शिरणाऱ्या प्रत्येक सहलीने बाळगावी, एवढीच अपेक्षा.